पटावरची मुलं

शाळेतली मुलं त्यांना समोर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागे ‘शिट्टी’. सरांना ते माहीत होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. गणिताच्या सरांना मुलं काय म्हणत ते ऐकल्यावर आपलं नाव फारच सौम्य आहे असं कुणालाही वाटलं असतं.

शिट्टी सर शाळेत खेळ शिकवत. म्हणजे सकाळची कवायत, लांब उडीचा वाळूचा हौद, आणि संध्याकाळी फुटबॉल. मैदान शाळेच्या मागे होतं. त्याच्या एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला बारीक खडी, त्यामुळे खडीच्या बाजूला पडलेल्या मुलाचे गुडघे आठवडाभर ओळखू येत. गोलाची जाळी सरांनी स्वतः सुतळीने शिवली होती. एवढ्या भांडवलावर त्यांचा संघ गेल्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि एका गोलाने हरला. यंदा तीच मुलं वर्षाने मोठी झाली होती. गोलात उभा राहणारा ‘भिंत’ खांद्यात भरला होता. कप्तान तर असा खेळायचा की पलीकडच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघत. सर कुणाला बोलून दाखवत नसत, पण यंदा चषक आपलाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शाळांच्या फुटबॉलचा कारभार एका क्रीडा मंडळाकडे होता. दर दोन वर्षांनी मंडळ पटाच्या आकड्याची एक रेषा आखून शाळांची वाटणी करी. ज्या शाळेचा पट मोठा ती थोरल्या गटात, लहान पटाची धाकट्या गटात. सरांची शाळा कायम धाकट्यात. यंदाची वाटणी लागली तेव्हा सर सवयीने धाकट्या गटाच्या कागदावरून बोट फिरवत खाली आले, पुन्हा वर गेले, आणि मग शेजारच्या कागदावर त्यांना आपली शाळा सापडली. थोरल्या गटात, सगळ्यांत शेवटी, रेषेच्या जेमतेम वर.

कारण समजायला वेळ लागला नाही. शहरातल्या मुलांच्या मोठ्या इस्पितळात एक छोटी शाळा होती. महिनोन्महिने खाटेवर असलेल्या मुलांचं वर्ष बुडू नये म्हणून ती काढलेली. ती शाळा सरकारने बंद केली आणि तिथली मुलं जवळची शाळा म्हणून सरांच्या शाळेच्या पटावर घातली. त्या मुलांना शिकवायला रोज इस्पितळात कोण जात होतं? सरांची थोरली बहीण. ती याच शाळेत भाषा शिकवायची, आणि हे काम तिने आपणहून मागून घेतलं होतं.

आईवडील गेल्यापासून भाऊबहीण एकाच घरात राहत. ताईने लग्न केलं नाही, सरांचं जमता जमता राहिलं. त्या संध्याकाळी सर घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

“तुझी मुलं आमच्यात धरलीत,” सर म्हणाले. “त्यांच्यामुळे आम्ही थोरले झालो.”

ताई कपबशा विसळत होती. तिला आधी हसू आलं. “बरंय की. त्यांना कुणी तरी खेळाडू म्हटलं.”

“हसण्यासारखं नाही ताई. थोरल्या गटात चौकातल्या त्या घड्याळाच्या शाळेसारख्या शाळा आहेत. त्यांच्याकडे एका वर्गाच्या सहा तुकड्या. संघात जागा मिळावी म्हणून पोरं रांगा लावतात. आमच्याकडे एखाद्याला ताप आला तर मी लांब उडीतल्या पोराला बूट घालून उभा करतो.”

ताईने हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. “मग?”

“मग काय. दाद मागतो.”

दुसऱ्या दिवशी ते हेडसरांकडे गेले. हेडसर भला माणूस, पण कुठल्याही प्रश्नावर आधी खिडकीबाहेर बघायची त्यांना खोड होती. तसं बघून झाल्यावर ते म्हणाले, “पटावरून ती मुलं काढता येणार नाहीत. काढली तर त्यांची परीक्षा कोण घेणार? त्यांना दाखला कोण देणार?”

“काढा म्हणतच नाही मी. पटावर राहू द्या. फक्त फुटबॉलसाठी मोजू नका, एवढंच म्हणायचंय.”

“ते मंडळाला सांगा,” हेडसर म्हणाले. “मी सही करतो. पण फार आशा ठेवू नका.”

सरांनी आशा ठेवली. कारण एक गोष्ट त्यांना राहून राहून टोचत होती. गेल्या वर्षी ज्यांच्याकडून ते एका गोलाने हरले ती टेकडीवरची शाळा अजून धाकट्या गटातच होती. तिथे वसतिगृह, हिरवंगार मैदान, पळण्याचा वेगळा आणि गोल अडवण्याचा वेगळा शिक्षक. पट मात्र लहान, कारण ते निवडून निवडूनच मुलं घेत. एवढं ढळढळीत दिसत असताना कुणी तरी न्यायाने बोलेलच, असं सरांना वाटत होतं.

सुनावणीला त्यांनी ताईलाही बरोबर चल म्हटलं. मुलांची अवस्था काय असते हे तिने सांगितलं तर वजन पडेल. ताई आधी नको म्हणाली. मग म्हणाली, “येते. पण त्या मुलांबद्दल जे बोलशील ते जपून बोल. परवाच मी त्यांना शाळेचे बिल्ले वाटलेत. कपड्यांना लावायची सोय नाही म्हणून काहींनी उशीला लावलेत.”

मंडळाची कचेरी एका जुन्या जलतरण तलावाच्या वरच्या मजल्यावर होती. खोलीत पाण्याचा औषधी वास भरून राहिलेला. लांब टेबलामागे पाच जण, मधोमध अध्यक्ष. अध्यक्ष पूर्वी पंच होते, आणि अजूनही बोलताना समोरच्याला अडवायचं झालं की हाताचा तळवा पुढे करीत. मागच्या बाकांवर दोनचार शाळांचे शिक्षक आणि एका स्थानिक पेपरचा वार्ताहर बसला होता.

ताईने थोडक्यात सांगितलं. कुणाच्या पायाला वजनं बांधलेली आहेत, कुणाला दिवसाआड रक्त द्यावं लागतं, कुणाला नुसतं उठून बसवलं की चक्कर येते. “पण शिकतात सगळी,” ती म्हणाली. “मनापासून शिकतात.” आणि खाली बसली.

अध्यक्षांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “बाई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे,” ते म्हणाले. “पण सर, वजाबाकी एकदा सुरू केली की थांबायची कुठे, ते सांगा. एका शाळेत मुलीच जास्त, त्यांचा मुलांच्या संघाला उपयोग नाही. एका शाळेतली अर्धी मुलं संध्याकाळी कामावर जातात. ती कुठे खेळायला येतात? प्रत्येक जण म्हणेल आमची एवढी कमी करा. पट म्हणजे पट. निदान त्यात कुणाला लबाडी करता येत नाही.”

“टेकडीवरच्या शाळेचं काय?” सरांनी विचारलं.

“त्यांचा पट लहान आहे.”

“लहान आहे कारण ते दार बंद ठेवतात. आमचं दार उघडं आहे, येईल त्याला आम्ही घेतो. त्याची शिक्षा आम्हाला, आणि दार लावणाऱ्याला बक्षीस?”

“दार लावणं नियमाविरुद्ध नाही,” अध्यक्ष म्हणाले.

मागे कुणी तरी हसलं. ते हसू सरांना झोंबलं. आणि इथे, ज्याबद्दल ताईने बजावलं होतं, तेच झालं. आवाज चढवून सर म्हणाले, “ज्यांना उभंसुद्धा राहता येत नाही, त्यांना तुम्ही खेळाडू म्हणून मोजता? अहो, ती मुलं मोजायचीच कशाला?”

मागे वार्ताहराने मान खाली घालून काही तरी लिहून घेतलं. सरांना वाटलं, मुद्दा पोचला. त्यांनी शेजारी पाहिलं. ताई आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि मान वर करत नव्हती.

मंडळाने आत जाऊन विचार केला आणि बाहेर येऊन अर्ज फेटाळला. जिन्यात अध्यक्ष सरांना भेटले. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “तुमचं बरोबर आहे हो. मलाही कळतं. पण नुसत्या बरोबर असण्याची नियमात तरतूद नाही.” मग ते खाली तलावाकडे गेले, तिथे त्यांचा नातू पोहायला शिकत होता.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. बराच रस्ता मागे पडल्यावर सर म्हणाले, “मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “पण म्हणालास.”

पेपरात ते दोन दिवसांनी आलं. आतल्या पानावर, खेळाच्या बातम्यांत, पण मथळा ठसठशीत होता: ‘ती मुलं मोजायचीच कशाला? — प्रशिक्षकाचा सवाल’. खाली शाळेचं नाव, इस्पितळाचं नाव, सगळं. इस्पितळात पेपर यायचा. वॉर्डात एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती, जाड चष्म्याची, पाठीच्या दुखण्याने आडवी पडलेली. हाताला लागेल ते वाचायची, औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा. ताईने कौतुकाने तिला ‘वाचनालय’ म्हणायला सुरुवात केली होती आणि पेपर वाचून दाखवायचं काम तिच्याकडे दिलं होतं. त्या दिवशीही तिने तो सगळ्यांना वाचून दाखवला.

ताईने घरी येऊन सांगितलं ते अगदी साध्या आवाजात. रागावली असती तर सरांना सोपं गेलं असतं. “एकदा येऊन भेट त्यांना,” एवढंच ती म्हणाली.

सर गेले. जाताना काय न्यावं ते सुचेना, म्हणून एक नवा चेंडू घेऊन गेले, आणि वॉर्डाच्या दारात पोचल्यावर आपल्यासारखा मूर्ख आपणच, असं त्यांना वाटलं. परिचारिकेने चेंडू हातातून घेतला आणि कपाटावर ठेवून दिला. खाटांवरची मुलं त्यांच्याकडे बघत होती, ओळख नसलेल्या डॉक्टरकडे बघावं तशी. उशीवरचे बिल्ले बहुतेक तसेच होते. दोन खाटांवरचे दिसले नाहीत.

वाचनालय खिडकीजवळ होती. तिने चष्मा सारखा केला. “तुम्हीच ते सर?”

“हो.”

“आम्ही आहोत म्हणून तुम्ही हरणार का?”

“नाही गं. हरलो तर आम्ही वाईट खेळलो म्हणून हरू.”

“मग पेपरात खोटं आलंय?”

सरांनी ताईकडे पाहिलं. ताई दुसऱ्या खाटेशी एका मुलाची वही धरून उभी होती आणि मदतीला येणार नव्हती.

“खोटं नाही,” सर म्हणाले. “मी तसं बोललो. चुकलं माझं. मला म्हणायचं होतं की तुमच्यावर तो भार नको.”

मुलीने थोडा विचार केला. “आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं,” ती म्हणाली, “की बाईंना सांगायचं, आमची नावं काढून टाका. म्हणजे तुम्हाला परत लहान गटात जाता येईल. पण बाई नको म्हणाल्या.”

“बाईंचं बरोबर आहे.”

“मग तुमचं?”

सरांनी खाटेची दांडी धरली. तिने पुस्तक उघडलं, म्हणजे बोलणं संपलं हे त्यांना कळलं.

हंगाम सुरू झाला. पहिला सामना घड्याळाच्या शाळेशी. मुलं उत्साहात गेली. थोरल्या गटात आलो म्हणजे आपण थोरले झालो, असं त्यातल्या काहींना अजून वाटत होतं. समोरचा संघ मैदानात उतरला तेव्हा भिंत हळूच म्हणाला, “सर, यांच्यातल्या दोघांना मिशा आहेत.” सगळे हसले. त्यानंतर हसण्यासारखं काही घडलं नाही. मध्यंतरापर्यंत भिंतीचे दोन्ही तळवे सुजले होते. उत्तरार्धात घड्याळाच्या शाळेच्या प्रशिक्षकाने दया येऊन आपले चांगले खेळाडू बाहेर घेतले आणि राखीव मुलं उतरवली. त्यांनीही गोल केले. सामना संपल्यावर तो प्रशिक्षक हात मिळवायला आला आणि म्हणाला, “तुमची मुलं शिस्तीची आहेत.” हरलेल्याला देण्यासारखं दुसरं काही नसलं की लोक हे देतात, सरांना माहीत होतं.

दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यात मधल्या फळीतल्या पोराचा घोटा गेला. चौथ्याला दोघे जण आलेच नाहीत. एकाच्या घरी पाहुणे आले होते आणि दुसऱ्याच्या पोटात दुखत होतं. सरांनी दोघांनाही रागावलं नाही. सरावाला पूर्वी वेळेआधी येऊन चेंडू मागणारी मुलं आता शिट्टी वाजल्यावर वर्गातून निघत. गॅलरीतली माणसंही आत गेली.

कप्तान मात्र एकटा खेळत राहिला, जणू बाकीच्या दहांचं मिळून त्यालाच खेळायचं होतं. एकदा एकट्याने चेंडू नेऊन त्याने गोल मारला, हंगामातला पहिला. त्याच्या संघातल्या कुणी धावत येऊन त्याला मिठी मारली नाही. सगळे इतके थकले होते. तो आपला आपणच मधल्या रेषेवर परत आला.

मग एके दिवशी कप्तानाची आई शाळेत आली. ती एका धुलाई केंद्रात इस्त्रीचं काम करायची, हातांना कायम ऊब असलेली बाई. वर्गाबाहेर उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, “सर, टेकडीवरच्या शाळेतून माणूस आला होता. याला घेतो म्हणतात. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांचं. हा नाही म्हणतोय. तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणतो.”

“त्यांनी त्याला कुठे पाहिलं?”

“घड्याळाच्या शाळेबरोबरच्या सामन्यात म्हणे. एवढी पडझड चाललेली, तरी हा एकटा टिकला होता म्हणून नजरेत भरला.”

मुलाला धरून ठेवायला एक शब्द पुरला असता, हे सरांना कळत होतं. तो शब्द त्यांच्या जिभेवरही आला होता.

“जाऊ द्या त्याला तिकडे,” ते म्हणाले. “मी बोलतो त्याच्याशी.”

ते कप्तानाशी बोलले. मैदानाच्या कडेला, खडीच्या बाजूला. कप्तान खाली बघत पायाने खडे उडवत होता. “सर, आपण दाद मागितली होती ना? परत मागू.”

“परत दोन वर्षांनी. तोवर तू शाळेतून बाहेर पडलेला असशील.”

“मग या मुलांचं काय?”

“त्यांचं मी बघतो,” सर म्हणाले. बोलताना त्यांनाच ते पोकळ वाटलं, आणि कप्तानालाही वाटलं असावं, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. सोमवारी त्याचं बाक रिकामं होतं.

शेवटच्या सामन्याला सरांनी जेमतेम अकरा जण जमवले. त्यातला एक बुद्धिबळ खेळणारा होता आणि त्याने बूट दुसऱ्याचे घातले होते. भिंतीच्या बोटाला पट्टी होती. सामना कसा झाला हे सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो, की मुलं शेवटपर्यंत उभी राहिली आणि पंचाने अतिरिक्त वेळ न देता सामना संपवला, त्याबद्दल सरांनी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. त्याच आठवड्यात धाकट्या गटाचा चषक टेकडीवरच्या शाळेने जिंकला. पेपरात फोटो आला. चषकाचा एक कान कप्तानाच्या हातात होता. तो कॅमेऱ्याकडे न बघता कुठे तरी बाजूला बघत होता.

वर्ष संपता संपता हेडसरांनी सरांना बोलावलं. खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी फुटबॉलचा संघ उतरवू नये असं वाटतं. पालकांच्या तक्रारी आहेत. मुलं जायबंदी होतात. गट बदलेल तेव्हा बघू.”

“गट बदलेल तेव्हा खेळणारं कुणी उरणार नाही.”

“तेही खरं,” हेडसर म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं, अध्यक्षांनाही वाटलं होतं. पण त्याने काही झालं नव्हतं.

सर मैदानावर गेले. गोलाच्या खांबांवरून जाळी सोडवायला लागले. गाठी त्यांनीच मारलेल्या, पक्क्या. काही सुटेनात, तेव्हा कापाव्या लागल्या. जाळीची गुंडाळी करून त्यांनी ती खेळाच्या खोलीत उंच उडीच्या गाद्यांवर टाकली आणि दाराला कुलूप लावलं.

घरी आले तेव्हा ताई टेबलाशी वह्या तपासत होती. त्या सुनावणीनंतर दोघांमध्ये भांडण असं झालं नव्हतं. चहा होत होता, बाजारातून काय आणायचं ते बोलणं होत होतं. पण पूर्वी ताई वॉर्डातल्या गमती सांगायची, कोण काय म्हणालं, कुणी कुठलं कोडं घातलं. ते तिने बंद केलं होतं. सरांनीही विचारायचं टाळलं होतं.

आज त्यांनी विचारलं. “ती वाचनालय काय म्हणते?”

ताईचा लाल पेन थांबला. “ती नाही आता. तिच्या वडिलांनी नाव काढून घेतलं.”

“कधी?”

“झाले बरेच दिवस. तुला सांगितलं नव्हतं. घरी नेलं तिला. बातमी त्यांच्या कामावर कुणी तरी दाखवली. माझी पोर कुणाला ओझं व्हायला नको, म्हणाले. मी खूप समजावलं. ऐकलं नाही त्यांनी.”

“घरी शिकते का?”

“घरी कोण शिकवणार? दोघंही दिवसभर कामाला. मी पत्ता मागितला, म्हटलं, रविवारी येत जाईन. नको म्हणाले.” ताईने पेनाचं टोपण लावलं. “पुस्तकं पण मागे ठेवून गेली. शाळेची आहेत म्हणाली.”

“एक नाव कमी झालं, तर आपण रेषेच्या खाली—” सर बोलता बोलता थांबले. सवयीने तोंडात आलेला हिशेब त्यांचा त्यांनाच ऐकू आला होता.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. थकवा होता, आणि थोडी कीव.

“नाही आलो,” ती म्हणाली. “तिच्या खाटेवर दुसऱ्याच दिवशी एक मुलगा आला. तोही आपल्याच पटावर आहे.”

सर खुर्चीत बसले. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं.

“माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले.

ताई नाही म्हणेल असं त्यांना क्षणभर वाटलं. लहानपणापासून तिने त्यांना असंच सावरलं होतं. अंधारून आलं होतं म्हणून उठून तिने दिवा लावला, आणि पुढची वही ओढून घेतली.